वजनकाट्याला न दिसणारी चरबी

भारतातल्या ५ ते १९ वर्षे वयाच्या लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली ती सव्वा कोटीवर गेली. देशोदेशींची मोजमापे एकत्र करून ‘द लॅन्सेट’मध्ये २०२४ साली मांडलेला हा हिशेब आपल्याकडे गाजला. त्यासोबत नेहमीची छायाचित्रेही छापून आली : बर्गर खाणारा गुबगुबीत मुलगा, मोबाइलमध्ये डोके घातलेली मुलगी. आकडा खरा आहे आणि काळजीही रास्त आहे. पण त्याच्या शेजारी दुसरे काही आकडे ठेवले की गणित अडते. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केले आणि त्यात मुलांची उंची-वजने घेऊन न थांबता त्यांचे रक्तही तपासले. १० ते १९ वयोगटात जास्त वजनाची मुले सुमारे ५ टक्के निघाली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली १० टक्के. ५ ते ९ वर्षांच्या मुलांत जास्त वजनाची जेमतेम ४ टक्के. पण रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली सुमारे ३४ टक्के. लहान मुलांसाठी लावलेला निकष अधिक कडक असतो, त्यामुळे शेवटच्या आकड्यातला काही भाग वजा करायला हरकत नाही. तरीही प्रश्न उरतोच. देशातले प्रत्येक जाड मूल आजाराच्या वाटेवर आहे असे धरले, तरी आजाराच्या वाटेवरची बहुसंख्य मुले जाड नाहीत. मग ती आली कुठून?

बालपणीचा लठ्ठपणा आणि चयापचयाचे विकार यांच्या नात्याचा आढावा भारतात बसून घ्यायचा, तर या प्रश्नाला वळसा घालून चालणार नाही. नाते आहे आणि ते बळकट आहे. त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो नात्याच्या स्वरूपाबद्दल. वजन हे या विकाराचे सर्वांत सहज दिसणारे लक्षण आहे, म्हणून आपण त्यालाच कारण समजून बसलो. चरबी किती आहे यापेक्षा ती शरीरात कुठे साठली, कोणत्या वयात साठली आणि त्याआधी त्या मुलाची वाढ कशी झाली होती, यावर पुढचे बरेचसे ठरते, असे उपलब्ध पुरावा सांगतो. यातला आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा पुण्यात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गोळा झाला आहे. इतकी वर्षे तो वैद्यकीय नियतकालिकांत छापला जातो आहे. आपल्या शाळांच्या आरोग्य तपासणीपर्यंत मात्र तो पोहोचलेला नाही.

आधी नात्याची भक्कम बाजू पाहू. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या बोगालूसा या छोट्या गावात जेरल्ड बेरेन्सन यांनी १९७३ साली शाळकरी मुलांची तपासणी सुरू केली. हृदयविकार हा चाळिशीनंतरचा आजार मानला जाण्याचे ते दिवस. पुढे त्या भागात अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावलेल्या २०४ मुलांचे व तरुणांचे शवविच्छेदन झाले आणि त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी वाढलेली होती, त्यांच्या रोहिण्यांच्या अस्तरावर लहान वयातच चरबीचे थर दिसत होते. जितके जोखमीचे घटक जास्त, तितका थर मोठा. येल विद्यापीठातल्या गटाने २००४ साली लठ्ठ मुलांची तपासणी केली, तेव्हा अतिलठ्ठ मुलांपैकी निम्म्यांत चयापचयाच्या बिघाडांचे सबंध लचांड आढळले : वाढलेला रक्तदाब, चढलेली साखर, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले ‘चांगले’ कोलेस्टेरॉल. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या सात दीर्घकालीन अभ्यासांची २०२२ साली एकत्र मांडणी झाली. त्यात ३८ हजारांहून अधिक लोकांचा बालपणापासून मध्यमवयापर्यंत माग काढला होता, आणि लहानपणचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड व किशोरवयातले धूम्रपान यांचा पुढच्या हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट दिसला. इस्रायलमध्ये लष्करी सेवेपूर्वी तपासलेल्या २३ लाख किशोरांच्या नोंदींनी तर आणखी पुढचे सांगितले. हृदयविकाराने मरण येण्याचा धोका लठ्ठपणाच्या रेषेवर अचानक उगवत नाही. वजन ‘सामान्य’ म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्यात असतानाच तो चढू लागतो.

हे घडते कसे, याची उकल गेल्या तीस वर्षांत बरीच झाली आहे. त्वचेखालची चरबी ही तशी निरुपद्रवी कोठी आहे. खाल्लेल्यातले जास्तीचे तिथे पडून राहते आणि गरजेला उपयोगी येते. बिघाड सुरू होतो ती कोठी भरल्यावर, किंवा ती मुळातच लहान असल्यावर. मग चरबी पोटातल्या आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. जेवणानंतर त्याने साखर सोडणे थांबवायला हवे, ते थांबवत नाही, आणि वर ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून वेळ मारून नेते. या टप्प्यावर मुलाची साखर तपासली तर ती सामान्य येते आणि घरचे निर्धास्त होतात. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळपट थर दिसू लागतो. तो मळ समजून घासून काढण्याचे प्रयत्न होतात. प्रत्यक्षात तो रक्तात वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम असतो, आणि एक पैसा खर्च न करता दिसणारी इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. त्यातच वयात येताना संप्रेरकांमुळे प्रत्येकच मुलाचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद काही काळ मंदावतो. निरोगी मूल हा चढ पार करते. आधीच दमलेले स्वादुपिंड इथेच कोलमडते, आणि म्हणून मुलांमधल्या टाइप २ मधुमेहाचे निदान बहुधा तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास होते. मुलींत याच काळात पाळीची अनियमितता आणि पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार डोके वर काढतात.

लहान वयातला हा मधुमेह मोठ्यांच्या मधुमेहापेक्षा आक्रमक असतो, हे आपल्याकडे पुरेसे माहीत नाही. अमेरिकेत अशा मुलांवर झालेल्या ‘टुडे’ या मोठ्या अभ्यासाचे २०२१ सालचे निष्कर्ष वाचताना धक्का बसतो. निदानानंतर सरासरी तेरा वर्षांनी, म्हणजे ही मुले सव्वीस वर्षांची झाली तेव्हा, त्यांच्यापैकी ६० टक्क्यांना मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा किंवा नसा यांपैकी कशाची ना कशाची इजा झालेली होती. दोन तृतीयांशांना उच्च रक्तदाब होता. साठीत जे दिसायचे ते पंचविशीत दिसले. आणि ही मुले उपचाराविना राहिलेली नव्हती. ती एका सुसज्ज वैद्यकीय चाचणीत सहभागी होती.

इथपर्यंतची कहाणी ऐकली की ‘वजन कमी करा’ हा एकच निष्कर्ष निघेल असे वाटते. पण सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट लस्टिग आणि सहकाऱ्यांनी केलेला एक छोटा प्रयोग त्या घाईला आवर घालतो. चयापचय बिघडलेल्या ४३ लठ्ठ मुलांना नऊ दिवस घरच्याइतक्याच कॅलरी दिल्या गेल्या. फक्त आहारातली वरून घातलेली साखर काढून तिच्या जागी पिष्टमय पदार्थ ठेवले. उद्देश वजन स्थिर ठेवण्याचा होता आणि ते फारसे बदललेही नाही. तरी नऊ दिवसांत रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, इन्सुलिन आणि यकृतातली चरबी हे सारे सुधारले. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही प्रयोगातली उणीव आहे आणि टीकाकारांनी ती योग्यच दाखवली. तरीही चयापचय सुधारण्यासाठी वजन उतरेपर्यंत थांबावे लागत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. याचा व्यत्यासही खरा असू शकतो : वजन न वाढताही चयापचय बिघडू शकते. नेमके इथे पुण्याचे काम पुढे येते.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे आणि याज्ञिक फार तर बंद होणारी लिफ्ट गाठायला धावणारे, अशी मिश्कील पुस्तीही लेखकांनीच जोडली आहे. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो : एकाच आकड्याखाली दोन वेगळी शरीरे लपतात, आणि भारतीय शरीरात त्या आकड्याला चरबी जास्त, स्नायू कमी निघतात. हे शहरी सुखवस्तूपणाचे फळ असावे असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर खेड्यातल्या बाळांनी दिले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू असलेल्या मातृपोषण अभ्यासातल्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलो होते. शेतात राबणाऱ्या, कमी खायला मिळणाऱ्या या स्त्रिया. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. डोके, दंड, पोट, सगळ्याच मापांत आपली बाळे लहान. पण पाठीवरच्या चिमटीत येणारी चरबी जवळपास टिकून. गर्भात तुटवडा पडला तेव्हा स्नायू आणि पोटातले अवयव यांची वाढ छाटली गेली आणि चरबी राखली गेली. रोड तरीही चरबीदार, असे हे बाळ जन्मतःच आपल्या पुढच्या आजाराचा काही भाग घेऊन आलेले असते.

मग लठ्ठपणाचा संबंध नाहीच का? आहे, आणि तो कसा आहे हे पुण्यातच १९९९ साली दिसले. केईएममध्ये जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत मंद आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉल सर्वांत जास्त होते ते जन्मतः लहान असलेल्या पण आठव्या वर्षापर्यंत अंगावर चरबी चढलेल्या मुलांत. जन्मतः लहान आणि नंतरही लहान राहिलेल्यांत ते तितके नव्हते. दिल्लीच्या जन्मगट अभ्यासाने २००४ साली याला दुजोरा दिला. तिथे १,४९२ जणांच्या जन्मापासूनच्या नोंदी होत्या. ऐन तारुण्यात, २६ ते ३२ वर्षे वयात, ज्यांची साखर बिघडली होती ते दोन वर्षांचे होईपर्यंत इतरांपेक्षा बारीक होते, आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय सतत चढत गेला होता. साधारण पाच-सहाव्या वर्षी मुले सडसडीत होऊन मग पुन्हा भरू लागतात. या मुलांत ते भरणे लवकर सुरू झाले. आणि आता त्या शोधनिबंधातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य : बाराव्या वर्षी यांच्यापैकी एकही जण लठ्ठ नव्हता. शाळेतल्या डॉक्टरने त्यांना वजनकाट्यावर उभे करून ‘ठीक’ असा शेरा मारला असता, आणि त्याच्या हातातल्या तक्त्यानुसार तो बरोबरही ठरला असता. पुण्याच्या सहा गावांतली ती बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्यापेक्षा वर होती. ही खेड्यातली बहुतेक सडपातळ मुले. सुरुवातीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या न जुळणाऱ्या गणिताचा उलगडा इथे होतो.

यावर एक आक्षेप सरळ आहे : मूल अंगाने भरलेले असले तर बिघडले कुठे, वाढत्या वयात ते आपोआप उतरते. बाळसे उतरणे हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. लहान वयातल्या लठ्ठ मुलांपैकी बरीच पुढे सडपातळ होतात. लठ्ठ किशोरांपैकी मात्र सुमारे ८० टक्के लठ्ठच राहतात, असे २०१६ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. वजन उतरले तर धोकाही उतरतो का, याचेही उत्तर आहे आणि ते आशादायक आहे. डेन्मार्कमधल्या ६२ हजार पुरुषांच्या नोंदींत सातव्या वर्षी जास्त वजनाची असलेली पण तेराव्या वर्षापर्यंत सामान्य झालेली मुले पुढे मधुमेहाच्या बाबतीत कधीच जाड नसलेल्यांच्या बरोबरीची ठरली. वजन तेराव्यानंतर उतरले त्यांचा धोका कमी झाला, पण पुसला गेला नाही. त्यामुळे या आक्षेपातले तथ्य मान्य करून त्याला वयाची मर्यादा घालावी लागते. वाट पाहण्यासारखा काळ वयात येण्यापूर्वीचा आहे, आणि तोच काही करण्यासारखाही आहे. मात्र २०१६ सालच्या त्याच विश्लेषणाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते : मोठेपणी लठ्ठ असलेल्यांपैकी ७० टक्के लोक लहानपणी लठ्ठ नव्हते. फक्त जाड मुले वेचून त्यांच्यावर उपचार करत बसणारा कार्यक्रम कितीही नेटाने राबवला तरी बहुतेक भावी रुग्ण त्याच्या जाळ्याबाहेरच राहतील.

दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. आईबाप जाड म्हणून मूल जाड, त्याला कोण काय करणार? ब्रिटनमधल्या पाच हजारांवर जुळ्यांच्या अभ्यासात मुलांमुलांतल्या बीएमआयच्या फरकाचा ७७ टक्के भाग जनुकांनी समजावता आला, हे खरे. लेप्टिन हे संप्रेरक जन्मतः न बनणारी पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडे १९९७ साली केंब्रिजमध्ये आढळली. त्यांची भूक कशानेच शमत नव्हती, आणि लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर ती शमली. म्हणजे भूक ही केवळ संयमाची बाब नाही, आणि जाड मुलाला खादाड ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे. पण ४ लाखांचे सव्वा कोटी होण्याइतकी जनुके तीस-बत्तीस वर्षांत बदलत नाहीत. बदलते ते भोवतालचे जग. त्या जगात कोण लवकर जाड होईल हे जनुके ठरवतात. जग कसे असावे हे त्यांच्या हातात नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो नैतिक आहे. ज्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि चौथ्या हिश्शाहून अधिक मुले उंचीच्या मानाने रोड आहेत, तिथे लठ्ठपणाची चर्चा म्हणजे उंच इमारतींतल्या लोकांचे चोचले नाहीत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या या वयाच्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण ४.१ टक्के होते. आधीच्या फेरीत १.९. दुप्पट झाले तरी कुपोषणापुढे ते किरकोळच. पण हा आक्षेप घेताना कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळ्या घरांतले, दोन वेगळ्या मुलांचे प्रश्न आहेत असे गृहीत धरले जाते, आणि पुणे-दिल्लीच्या पुराव्याने नेमके तेच गृहीतक मोडीत काढले आहे. गर्भात उपाशी राहिलेले मूल आणि चौदाव्या वर्षी यकृतात चरबी साठलेले मूल हे पुष्कळदा एकच असते. वस्तीतल्या टपरीवर पाच रुपयांना मिळणारा बिस्किटाचा पुडा, रंगीत सरबताची पिशवी, तळलेल्या कुरकुरीत खाऊचे पाकीट हा सधनांचा आहार नाही. तो आई-वडील दोघेही कामावर जाणाऱ्या घरातल्या मुलाचा संध्याकाळचा आहार आहे. त्याने पोट भरते, उंची वाढत नाही. म्हणून कुपोषणाचा निधी लठ्ठपणाकडे वळवा असे म्हणणे नाही. कुपोषणावरचा उपाय फक्त किलोंत मोजू नका, एवढेच म्हणणे आहे. रोड बाळाचे वजन झपाट्याने वाढवताना त्याला साखर आणि तेल देऊन फुगवले, तर तक्त्यावरची रेघ वर चढेल आणि दिल्लीच्या अभ्यासातली वाट मोकळी होईल. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांनी वाढलेले वजन आणि गोड पिठाने वाढलेले वजन काट्यावर सारखेच दिसते.

जाड मुलांना हिणवण्याचा मुद्दा मी आक्षेपांत धरत नाही, कारण त्यावर वाद नसावा. वर्गासमोर वजन मोठ्याने वाचून दाखवणारी आरोग्य तपासणी मुलाला मैदानापासून दूर आणि खाण्याजवळ ढकलते. आणि वजनाभोवतीच सगळी चर्चा फिरवण्याचा हाही एक तोटा आहे.

मग मोजायचे काय? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली स्वीकारलेले वाढीचे तक्ते या दिशेने टाकलेले मोठे पाऊल होते. मोठेपणीच्या २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७ या बीएमआयला जुळणाऱ्या रेषा त्यांत जास्त वजन व लठ्ठपणासाठी आखल्या आहेत, कारण आपल्या शरीरात त्याच आकड्याला चरबी अधिक असते. त्यापुढे जायला महागडी यंत्रे लागत नाहीत. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का हे शिंप्याच्या टेपने कळते. मानेवरचा काळेपणा डोळ्यांनी दिसतो. जन्मवजन बहुतेक घरांत नोंदलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चार वर्षांची रेघ : मूल कोणत्या पट्ट्यात आहे यापेक्षा पट्टा ओलांडून वर निघाले आहे का. अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंत ही रेघ काढली जाते. मूल पहिलीत गेले की ती बहुधा तुटते, आणि दिल्लीचा अभ्यास सांगतो की पाहण्यासारखे नेमके त्याच सुमारास सुरू होते. सरसकट सगळ्या मुलांचे रक्त तपासावे असे मात्र मला वाटत नाही. निकष अजून पुरते ठरलेले नाहीत, आणि निदान होऊन पुढे काहीच न करता येणारी लाखो मुले तयार करणे हा उपकार नव्हे.

करता येण्याजोग्या गोष्टींत साखर सर्वांत वर येते. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेल्या साखरेच्या रेशनिंगने एक अनपेक्षित पुरावा हाती दिला. ते १९५३ च्या सप्टेंबरात उठले आणि साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. रेशनिंग असताना गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे गेलेल्यांमध्ये मोठेपणी टाइप २ मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचे २० टक्क्यांनी कमी निघाले, असे २०२४ साली ‘सायन्स’मधल्या संशोधनाने दाखवले. कोणी कोणाला आहाराचा सल्ला दिला नव्हता, वजन कमी करायला सांगितले नव्हते. साखर मिळतच कमी होती. त्याच ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार पायऱ्यांचा कर लावला आणि कंपन्यांनी कर टाळण्यासाठी साखर घटवली. आपल्याकडे शीतपेयांवर कर भरपूर आहे, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. पण बाटलीत साखर किती यावर तो अवलंबून नाही, त्यामुळे साखर घटवून उत्पादकाला काही मिळत नाही. आणि त्याच फेरबदलात बिस्किटे, चॉकलेट, नमकीन, आइस्क्रीम यांवरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत हा नियम २०२० पासून देशात आहे. त्याची अंमलबजावणी कशी आहे ते कोणत्याही शाळेच्या फाटकावर सुटीच्या वेळी उभे राहून पाहता येईल. चिलीने २०१६ साली पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे पाकिटाच्या पुढच्या बाजूला इशारा असावा की दर्जा दाखवणारे तारे, यावर वर्षानुवर्षे खल चालला आहे. तारे देण्याची कल्पना मला धोकादायक वाटते. साखर भरपूर असलेल्या बिस्किटात थोडा कोंडा घालून दीड तारा मिळवता येईल, आणि तारा म्हणजे शाबासकी असे प्रत्येक शाळकरी मुलाला शिकवलेले असते.

वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांचा उल्लेख टाळता येणार नाही. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांनी लठ्ठ किशोरांचा बीएमआय ६८ आठवड्यांत सरासरी १६ टक्क्यांनी उतरला, असे २०२२ सालच्या चाचणीत दिसले, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाराव्या वर्षापासून औषधे देण्याची शिफारस केली. अतिलठ्ठ, आधीच आजारी असलेल्या मुलांसाठी हा मोठाच आधार आहे. पण ही औषधे वजनावर काम करतात, आणि आपला मोठा प्रश्न वजन नसलेल्या मुलांचा आहे.

त्या मुलांसाठी काळाच्या आणखी मागे, आईकडे जावे लागते. पुण्याच्या सहा गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांचे बी-१२ कमी पण फोलेट भरपूर होते त्यांच्या मुलांचा सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत मंद निघाला. फोलिक ॲसिडच्या गोळ्या थांबवा असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांनी मणक्याचे जन्मजात दोष टळतात. त्यांच्या जोडीला बी-१२ का नाही, असा तो प्रश्न आहे. याज्ञिकांच्या गटाने सहा गावांतल्या त्या बाळांपैकीच वयात आलेल्यांना, त्यांना मुले होण्याआधी, बी-१२ देण्याची चाचणी २०१२ मध्ये सुरू केली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलाइन फॉल यांच्या प्रकल्पाने गरोदर राहण्याआधीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला रोजचा अल्पोपाहार दिला. बाळांच्या सरासरी जन्मवजनात एकंदरीत मोठा फरक पडला नाही. म्हणजे काट्याच्या निकषावर प्रकल्प फसला म्हणता येईल. पण गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटातल्या १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला, आणि गर्भातच जादा साखर मिळालेली बाळे पुढे लठ्ठ व मधुमेही होण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे हा लाभ आईपुरता राहत नाही. असा अल्पोपाहार राज्यभर द्यायचा तर तो कोणाच्या खात्यातून, हे मात्र आजच्या रचनेत सांगणे कठीण आहे. शाळेतल्या मुलीला लोहाची गोळी शाळेत मिळते, गरोदर स्त्रीचे नाव अंगणवाडीच्या वहीत असते. सतराव्या वर्षी शाळा सुटलेली आणि अजून गरोदर नसलेली मुलगी बहुधा कोणत्याच वहीत नसते.